चाकोरीतील रानवाट

दांडेलीहून जोयड्याकडे जाणारा रस्ता रानातून वळणे घेत घेत काळी नदीला येऊन भिडतो, तेथे गणेशगुडी हे लहानसे गाव वसले आहे. तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड. गोव्याची हद्द येथून फारशी लांब नाही. त्यामुळे येथील एखाद्या दुकानाच्या फळीपाशी घटकाभर उभे राहिले, तर कानडी, कोंकणी आणि मराठी या तीनही भाषा एकाच व्यवहारात कानी पडतात. गावाच्या डोक्यावर सुप्याचे 101 मीटर उंचीचे धरण आहे आणि पायाशी काळी नदी.

अलीकडे हे नाव शहरवासीयांच्या तोंडी झाले आहे, ते दोन कारणांनी. एक म्हणजे नदीच्या खळाळातून रबरी तराफे हाकण्याचा खेळ आणि दुसरे म्हणजे पक्षी. धरण बांधताना सुरुंगांची दारू साठविण्यासाठी रानात जे कोठार उभारले होते, तेथेच आता पक्षिनिरीक्षकांचे निवासस्थान झाले आहे. अंगणात पाण्याची उथळ पात्रे मांडलेली असतात आणि त्यांच्यासमोर दुर्बिणी व लांब नळ्यांचे कॅमेरे घेऊन माणसे श्वास रोखून बसलेली असतात. जेथे एके काळी डोंगर फोडण्याचे साहित्य जपून ठेवीत, तेथे मूठभर पाखराने बुजू नये म्हणून लोक आता कुजबुजत बोलतात.

नदीची कथा याहून गमतीची आहे. ज्या खळाळाला पाहुणे मुक्त आणि रानटी समजतात, तो वस्तुतः नोकरदार आहे. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहातील चक्रे फिरू लागली, की पाणी सुटते आणि मग तराफे निघतात. चक्रे थांबली, की थोड्याच वेळात नदीचे खडक उघडे पडतात. काळीचे येथील उधाण वेळापत्रकाने चालते. तरीही तराफ्यावर बसलेल्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकावयाचा तो चुकतोच.

असे दोन दिवस काढून रविवारी दुपारी सामान बांधताना या पाहुण्यांपैकी बहुतेकांच्या मनात एकच वाक्य येते आणि पुष्कळांच्या तोंडून ते बाहेरही पडते. ‘सगळे सोडून द्यावे आणि येथेच येऊन राहावे.’ सोमवारी सकाळी ते वाक्य कचेरीच्या कागदांखाली जाते आणि पुढच्या सुटीला पुन्हा वर येते. या वाक्याला हसण्याचे कारण नाही. आपले आयुष्य आपण जगत नसून ते कोणीतरी आखून दिले आहे, ही बोच खरी असते. चाकोरी हा शब्द आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांनी आणला. गाड्यांच्या येण्याजाण्याने जमिनीत खोल रेघा पडतात. एकदा चाके त्यांत बसली, की गाडीवानाने डुलकी घेतली तरी बैल घरी पोचतात. चाकोरीत सुख आहे ते डुलकीचे, आणि भय आहे तेही डुलकीचेच. कारण जागे होऊन पाहावे, तो निम्मा रस्ता सरलेला असतो.

परंतु ‘सगळे सोडून’ हे शब्द गणेशगुडीच्या परिसरात फार सांभाळून उच्चारावे लागतात. सुपा हे तालुक्याचे जुने गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर होते. 1970 च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले आणि 1987 साली ते पुरे झाले. सुपा पाण्याखाली गेले, आसपासची खेडी गेली, तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्यास गेल्या आणि विस्थापितांची सोय रामनगर येथे करण्यात आली. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत कसावयाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. सुप्याच्या लोकांची काळीही बुडाली आणि पांढरीही बुडाली, ती त्याच नावांच्या दोन नद्यांच्या पाण्यात. ज्यांना खरोखर सगळे सोडावे लागले, त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून त्या धरणाखाली उभे राहून सर्वत्यागाचे स्वप्न पाहणाऱ्याने एवढा तरी विचार करावा, की सोडण्याचे मोल कोण देतो?

हे मोल मोठ्या माणसांच्या चरित्रांतही चुकत नाही. याच डोंगराच्या पलीकडे गोव्यात, साखवाळ गावी, 1876 साली धर्मानंद कोसंबी जन्मले. फारसे शालेय शिक्षण नाही, घरी नारळी-पोफळीचा संसार, लहान वयात झालेले लग्न. बुद्धाविषयी वाचता वाचता त्यांना असा ध्यास लागला, की 1899 साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा जवळजवळ सात वर्षांचा हा प्रवास होता. पुढे हाच मनुष्य हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनासाठी गेला, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविता झाला आणि बुद्धाची ओळख सामान्य मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत करून देता झाला. असामान्य आयुष्य याहून दुसरे कोणते असावे? तथापि त्या सात वर्षांत गोव्यातील घरी त्यांची पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. धर्मानंदांनी ‘निवेदन’ लिहून आपली वाट नोंदविली. बाळाबाईंच्या सात वर्षांचे निवेदन मराठीत नाही. कोसंबींच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असे नव्हे. परंतु त्यांचा मार्ग हा एकच मार्ग आहे असे मानून जे उसासे टाकतात, त्यांनी हिशेबाची दुसरी बाजूही वाचावी.

अमेरिकेतील थोरो याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हाताने झोपडी बांधून तो 1845 पासून दोन वर्षे आणि दोन महिने राहिला, हे खरे. परंतु जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. कॉन्कर्ड गाव दीडेक मैलावर होते. आणि तो गावात वारंवार येत-जात असे. त्याने जग सोडले नव्हते, फक्त पाहण्याची जागा बदलली होती. आणि दोन वर्षांनी तो परतही आला.

तर मग दुसरा काही मार्ग आहे काय? नोकरी आहे, घर आहे, बदलीचा हुकूम आहे, महिन्याच्या अखेरीस हिशेब आहे, आणि तरीही आयुष्य आपले आहे, असे कोणी जगून दाखविले आहे काय? मराठी वाचकाला याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. मारुती चितमपल्ली यांचे नाव गणेशगुडीला दुर्बीण घेऊन येणाऱ्या मराठी पाहुण्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. काहींच्या घरी त्यांचा ‘पक्षिकोश’ही असतो. चितमपल्लींची नोकरी काळीच्या खोऱ्यात झालेली नव्हती. ते महाराष्ट्राच्या वनखात्यातले अधिकारी. परंतु गणेशगुडीच्या पाहुण्याला जो प्रश्न पडतो, तो त्यांच्या आयुष्याने जितका उलगडला, तितका क्वचितच कोणाच्या आयुष्याने उलगडला असेल.

5 नोव्हेंबर 1932 रोजी त्यांचा जन्म सोलापुरात झाला. सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांचे आणि हातमागांचे शहर. रान म्हणावे असे तेथे फार नाही. घरची भाषा तेलुगू, गल्लीत मराठी, कानडी आणि दखनी उर्दू. ज्या मनुष्याने पुढे मराठीला रानाचे शब्द दिले, त्याची मराठी ही घरची भाषा नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याला भाषा आयती मिळते, तो तिच्यातल्या उणिवांकडे सहसा पाहत नाही. ज्याला ती मिळवावी लागते, त्याचे तिच्या रिकाम्या कप्प्यांकडे लक्ष जाते.

कोइमतूर येथील वनविद्येचे शिक्षण 1960 च्या सुमारास पुरे करून ते नोकरीत रुळले. वनाधिकाऱ्याची नोकरी म्हणजे काय, याविषयी शहरात फार रम्य कल्पना आहेत. प्रत्यक्षात तोडीच्या कूपांची आखणी, झाडांवर हातोड्याचे ठसे, इमारती आणि जळाऊ लाकडाचे हिशेब, उन्हाळ्यात जाळरेषा आणि वणवे, चोरटी तोड, खटले, साक्षी आणि वरिष्ठांच्या दौऱ्याची व्यवस्था, असा तिचा संसार असतो. म्हणजे तीही चाकोरीच. फरक एवढाच, की ती झाडांमधून जाते. अशा नोकरीत राहून रान न पाहिलेले अधिकारी काही थोडे झाले नाहीत. झाड दिसले, की त्याचे घनफूट दिसावयाचे, आणि तळे दिसले, की बंगल्याची गच्ची कोठे बांधावी, ते दिसावयाचे.

चितमपल्लींनी केले ते इतकेच, की प्रत्येक बदली ही त्यांनी नवी शाळा मानली. पनवेलजवळचे कर्नाळा, पूर्व विदर्भातले नवेगावबांध आणि नागझिरा, सातपुड्यातले मेळघाट. ज्या ठिकाणांना नोकरीच्या भाषेत आडवळणाची म्हणत, त्यांचीच नावे पुढे त्यांच्या पुस्तकांतून घरोघर गेली. या शाळांतले गुरू त्यांना खात्याने नेमून दिलेले नव्हते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी तिकडची परंपरा आहे. त्या कोहळी समाजातले माधवराव पाटील डोंगरवार हे चितमपल्लींचे स्नेही आणि वाटाडे झाले. पदवीने ते कोणी शास्त्रज्ञ नव्हते. परंतु कोणता पाणपक्षी कोणत्या महिन्यात तळ्याच्या कोणत्या अंगाला उतरतो, हे त्यांना ठाऊक होते. तळ्यावरचे ढीवर माशांचे शेकडो बारकावे जाणत. रानातले गोंड झाडांचे आणि पावलांच्या ठशांचे. खाकी पोशाखातला साहेब त्यांच्या शेजारी उकिडवा बसून प्रश्न विचारतो, उत्तर मिळाले की वहीत टिपून घेतो, हे दृश्य त्या काळी सर्रास दिसणारे नव्हते. वनखात्यात अधिकाऱ्याने हुकूम द्यावयाचा आणि रानातल्या माणसाने तो ऐकावयाचा, ही जुनी वहिवाट होती. ती उलटी फिरविणे हेच या आयुष्यातले खरे बंड म्हणावयाचे. त्यासाठी राजीनामा लागला नाही.

वही हा या साऱ्याचा कणा होता. पाहिलेले त्या त्या दिवशी लिहून ठेवण्याची त्यांना सवय होती. दिवसभर पायपीट करून, कंदिलाच्या उजेडात, डास आणि झोप यांच्याशी झुंजत चार ओळी लिहिणे यात दिसावयास काहीच पराक्रम नाही. परंतु हजारो रात्री अशा गेल्या, म्हणजे त्यांतून ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ यांसारखी पुस्तके निघतात. नोकरीतच त्यांनी जुन्या पाठशाळेच्या रीतीने संस्कृतचे अध्ययन केले. जर्मन आणि रशियन या भाषांचाही अभ्यास केला. संस्कृतचा ध्यास शोभेसाठी नव्हता. प्राचीन ग्रंथांत पशुपक्ष्यांची जी नावे येतात, ती नेमकी कोणाची, हे त्यांना ठरवावयाचे होते. हंसदेव या जैन पंडिताचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, तो या अभ्यासाच्या बळावर. ग्रंथातले नाव आणि ढिवराच्या तोंडचे नाव ही दोन टोके हातांत धरून मधला प्राणी ओळखावयाचा, अशी त्यांची पद्धत होती.

येथे शब्दांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. बगळे, करकोचे, पाणकावळे असे पक्षी पुष्कळदा पाण्याकाठच्या मोजक्या झाडांवर दाटीवाटीने घरटी करतात. एकेका झाडावर पन्नास, शंभर घरटी, खाली विष्ठेचा सडा, वर पिलांचा अखंड कलकलाट. इंग्रजीत या वसाहतीला एक सुटसुटीत शब्द आहे, मराठीत नव्हता. शब्द नसला, की वस्तू असूनही दिसत नाही. ‘तिकडे झाडावर बगळे बसतात’ एवढ्यावर बोलणे संपते, आणि ते झाड तोडावयाचे ठरले, तर काय तोडले जात आहे, हे सांगता येत नाही. चितमपल्लींनी त्यासाठी ‘सारंगागार’ हा शब्द योजिला. सारंग या शब्दाला संस्कृतात अनेक अर्थ आहेत, त्यांत पक्षी हाही आहे. कावळ्यांच्या अशाच वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटले. असे शब्द कचेरीत बसून केलेल्या पारिभाषिक शब्दांसारखे कोरडे वाटत नाहीत, कारण शब्द करणारा आधी त्या झाडाखाली उभा राहिलेला होता. आत्मविकास म्हणून जो म्हणतात, तो बहुधा स्वतःपाशीच संपतो. येथे तो भाषेच्या खात्यावर जमा झाला.

गणेशगुडीतही या शब्दांचा प्रश्न आहेच. तराफे हाकणारे आणि पाहुण्यांना पाखरे दाखविणारे पुष्कळसे तरुण याच परिसरातले आहेत. जोयडा तालुका हा कुणबी, गवळी, सिद्दी, मराठा अशा समाजांचा. येथील कुणब्यांचे कंदमुळांचे ज्ञान असे, की त्यांच्या परसातल्या कंदांच्या जाती पाहावयास लोक दुरून येतात. या घरांतला मुलगा वाटाड्याचे काम धरतो, तेव्हा पाहुण्यांच्या सोयीसाठी पक्ष्यांची इंग्रजी नावे घडाघडा पाठ करतो. दूरच्या फांदीवरचा कर्णा तो क्षणात दाखवितो, स्वर्गीय नर्तक कोणत्या वेळी अंघोळीला उतरेल, ते सांगतो. परंतु आजीने त्याच पाखराला कोणत्या नावाने हाक मारली होती, हे पाहुणे त्याला विचारीत नाहीत, आणि हळूहळू तोही ते स्वतःला विचारीनासा होतो. दोन दिवसांसाठी आलेल्या मनुष्याने ‘सगळे सोडून येथे यावे’ असे म्हणण्यापेक्षा वाटाड्याला एवढा एक प्रश्न विचारला, आणि उत्तर तारीख घालून टिपून ठेवले, तरी त्याची सुटी पुष्कळ सत्कारणी लागेल.

या रानातला सर्वांत मानाचा पक्षी धनेश. दांडेलीच्या परिसरात त्याच्या चार जाती आढळतात. त्यांतला राजधनेश उडाला, म्हणजे त्याच्या पंखांचा आवाज आगगाडी दुरून यावी तसा ऐकू येतो, आणि पाहुणा भारावून जातो. स्वातंत्र्य असावे तर असे! परंतु विणीच्या दिवसांत याच पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड स्वतःच लिंपून घेते. उरते ती एक अरुंद फट. कित्येक आठवडे ती आत कोंडलेली असते. उडण्याची पिसेही याच काळात गळतात आणि नवी येतात. नर उंबर-वडाची फळे आणून त्या फटीतून तिला भरवितो. बाहेर त्याला काही झाले, तर आतल्या पिलांचे भवितव्य कठीण. उपमा फार ताणू नये हे खरे. पक्ष्यांना तत्त्वज्ञान नसते. तरी पण केवळ उड्डाण पाहून जो परततो, त्याने धनेश अर्धाच पाहिला.

चितमपल्लींच्या आयुष्यालाही त्याची अशी कोंडी होती. आडरानातली नोकरी म्हणजे शहराशी, साहित्याच्या बैठकांशी, समानधर्म्यांशी तुटलेपण. ज्या गोष्टींनी लेखक पुण्या-मुंबईत वाढतो, त्या सर्वांवाचून वाढणे. शिवाय खात्याचा अंमल नेहमीच रम्य नसतो. रान राखावयाचे, म्हणजे कोणाची तरी मोळी अडवावयाची, कोणाचे तरी गुरू हाकलावयाचे. नवेगावला 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले, काळीच्या खोऱ्यात 2007 साली व्याघ्र प्रकल्प झाला. दोन्ही ठिकाणी रानाचे भले झाले आणि दोन्ही ठिकाणी रानात राहणाऱ्यांना नवे निर्बंध सोसावे लागले. चितमपल्लींच्या लेखनात गोंड आणि ढीवर ज्ञानी म्हणून जितके ठळक दिसतात, तितके ते या निर्बंधांखाली दबलेले म्हणून दिसत नाहीत. खाकी पोशाखाची ती मर्यादा मानावी लागते. आणखी एक गोष्ट चिकित्सक वाचकाला खटकते. प्रत्यक्ष पाहिलेले आणि रानातल्या लोकांकडून ऐकलेले यांची सीमारेषा त्यांच्या काही लेखांत पुसट होते. लोकसमजूत मोलाची खरी, पण ती निरीक्षणाच्या रांगेत बसविली, म्हणजे विज्ञानाचा विद्यार्थी अडखळतो. मात्र ही किंमत कदाचित त्यांच्या गुणाचीच होती. ज्याने रानातल्या माणसाला गुरू केले, त्याला गुरूच्या प्रत्येक वाक्याची उलटतपासणी घेणे जमले नसावे.

रानातली नोकरी सर्वांच्या वाट्याला कशी येणार, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे, पण पुरता खरा नाही. व्यंकटेश माडगूळकर यांनी सुमारे तीन दशके पुणे आकाशवाणीत नोकरी केली. ध्वनिक्षेपक, कार्यक्रमाची वेळ, ग्रामीण श्रोत्यांसाठी संवाद, ही त्यांची चाकोरी. तीत राहून ते रानांत हिंडले, नागझिऱ्यावर लिहिले, आणि वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीला 1983 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. दुर्गा भागवतांची गोष्ट याहून निराळी आणि अधिक कठोर. गोंडांच्या अभ्यासासाठी मध्य प्रांतात फिरताना त्यांना विषबाधा झाली आणि उमेदीची काही वर्षे अंथरुणावर गेली. पुढे मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात राहून त्यांनी ‘ऋतुचक्र’ लिहिले. त्यातले महिने पाहण्यासाठी फार दूरच्या अरण्याची गरज पडत नाही. रस्त्याकडेचे झाड आणि ते बारा महिने पाहणारी नजर पुरते.

वर्ष ही मुदत महत्त्वाची आहे. गणेशगुडीचा पाहुणा बहुधा हिवाळ्यात येतो, जेव्हा रान प्रसन्न असते. जून ते सप्टेंबर येथे धो धो पाऊस कोसळतो, जळवा पायांवर चढतात, कपडे वाळत नाहीत, रस्त्यावर झाड पडले, की दिवस दिवस वाहने अडतात. वैशाखात उकाडा असा, की पाखरेही गप्प. जो येथे राहतो तो हे सर्व घेऊन राहतो. तराफेवाल्याला वीजगृहाच्या वेळेप्रमाणे वाट पाहावी लागते. पक्षी दाखविणाऱ्याला शंभरदा दाखविलेला तोच पक्षी शंभर-एकाव्यांदा दाखवावा लागतो. त्याच्याही कामाची चाकोरी झालेलीच आहे, आणि पुण्याहून आलेला मनुष्य तिला मुक्ती समजतो, ही गोष्ट त्याच्या कानावर गेली, तर तो हसेल. तरीही त्यांच्यात एखादा असा असतो, की जो पाहुणे झोपलेले असताना, कोणी पैसे देणार नसताना, ढोलीकडे जाऊन नर किती वाजता आला आणि चोचीत काय घेऊन आला, ते पाहून येतो. पगार दोघांचाही सारखाच असतो.

चितमपल्ली 1990 साली निवृत्त झाले. बहुतेकांची वही येथे मिटते. त्यांची येथे उघडली. तीन दशकांहून अधिक काळ जमविलेल्या टिपणांचे आता कोश करावयाचे होते. पक्ष्यांचा कोश झाला. मग प्राण्यांचा, माशांचा. झाडांच्या कोशाचे काम वार्धक्यात चालू राहिले. ‘चकवाचांदण’ या नावाने आत्मचरित्र आले, आणि त्याला त्यांनी ‘एक वनोपनिषद’ असे उपनाम दिले. 2006 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले आणि अध्यक्षपदी मारुती चितमपल्ली होते. ज्या शहरात तेलुगू बोलणाऱ्या घरातून एक मुलगा मराठी शाळेची वाट चालला होता, त्याच शहरात मराठी सारस्वताने त्याच्यासाठी मांडव घातला. त्या व्यासपीठावर कवी, कादंबरीकार, समीक्षक यांची सवय. वनखात्यातून निवृत्त झालेला मनुष्य तेथे बसावा, हे नवलच होते.

पुढे नागपूरचे दीर्घ वास्तव्य आटोपून ते सोलापूरला परतले. 2025 च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वयाची 92 वर्षे उलटली होती, आणि त्याच वर्षी 18 जून रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले. मृग लागून तेव्हा दहा दिवस झाले होते.